निवेदन असे लिहा, की कुऱ्हाड शेजारच्या वस्तीत जाणार नाही

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांची यादी जाहीर झाली. पुणे, सोलापूर, बेळगावी त्यात होते, आणि भोपाळही होते. भोपाळने पुनर्विकासासाठी निवडलेली जागा होती शिवाजी नगर आणि तुलसी नगर. 1956 साली शहर राजधानी झाल्यावर वसत गेलेला हा सरकारी क्वार्टर्सचा भाग, आणि क्वार्टर्सच्या आवारांत कडुनिंब, जांभूळ, आंबा, पिंपळ अशी जुनी, दाट झाडी. लोकांनी विरोध केला, निवेदने दिली, झाडांखाली सभा घेतल्या. त्याच वर्षी प्रकल्प तिथून हलवला गेला.

तो हलून आला जवाहर चौकाच्या परिसरात. उत्तर आणि दक्षिण टी.टी. नगर, म्हणजे तात्या टोपे नगर, मिळून सुमारे 342 एकर. इथेही तशीच क्वार्टर्स होती, तशीच झाडे होती. क्वार्टर्स पाडली गेली, झाडे तोडली गेली आणि माता मंदिराकडून जवाहर चौकाकडे येणारा रुंद बुलेव्हार्ड रस्ता झाला. पुढे 2024 मध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगरावर पुन्हा प्रस्ताव आला. या वेळी मंत्र्यांची आणि आमदारांची घरे बांधायची होती, आणि त्यासाठी सुमारे 29,000 झाडे जाणार असल्याची बातमी पसरली. बाया-बाप्ये झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. जून 2024 मध्ये नगरविकास मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी तो प्रस्ताव मागे घेतल्याचे आणि दुसऱ्या जागांचा विचार होणार असल्याचे जाहीर केले.

या दोन्ही लढ्यांत उतरलेल्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यामुळे हजारो झाडे आजही उभी आहेत. पण जवाहर चौकात उभे राहून हा सगळा क्रम पाहिला की एक गोष्ट टाळता येत नाही. ‘इथे नको’ एवढेच सांगणारे निवेदन जिंकले तर प्रकल्प ‘तिथे’ जातो, आणि तिथल्या लोकांना कळेपर्यंत यंत्रे आलेली असतात. शिवाय आठ वर्षांनी तोच प्रश्न जुन्या जागी परत येतो, कारण पहिल्या वेळी निर्णय फक्त जागेचा झाला होता, पद्धतीचा नव्हता. म्हणून यापुढे जे कोणी निवेदन लिहायला बसतील, मग ते भोपाळचे असोत, नाशिकचे असोत की सांगलीचे, त्यांनी पद्धत मागावी. झाड तोडण्याआधी काय काय झाले पाहिजे, ते कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या कागदावर, हे सगळे निवेदनात आले पाहिजे.

लिहिण्याआधी मालक शोधा

निवेदन वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ते चुकीच्या टेबलावर पडते. जवाहर चौकाच्या आसपास एकाच रस्त्यावर अनेक खात्यांचा हात आहे. सरकारी क्वार्टर्सचे वाटप एक खाते करते, त्यांची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. कचरा, गटारे, पथदिवे महापालिकेकडे. पुनर्विकासाची जमीन आणि नवे रस्ते भोपाळ स्मार्ट सिटी विकास महामंडळाकडे. सिटी बसची स्वतंत्र कंपनी आहे. तारांखालच्या फांद्या वीज कंपनी छाटते. राजधानी परियोजना प्रशासन, म्हणजे लोक ज्याला ‘सीपीए’ म्हणत, ते 2022 मध्ये बंद झाले आणि त्याच्याकडचे रस्ते व बागा इतर खात्यांकडे गेल्या. केंद्राचे स्मार्ट सिटी मिशनही 31 मार्च 2025 रोजी संपले. तेव्हा त्या काळात केलेल्या रस्त्यांच्या कडेची नवी रोपे आज कोण जगवणार, हा प्रश्नच एका निवेदनाचा विषय आहे.

जमिनीचा खसरा क्रमांक काढा. मध्य प्रदेशात तो भूलेख पोर्टलवर पाहता येतो, महाराष्ट्रात सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. तो क्रमांक निवेदनात लिहिला की ‘ही जागा आमच्या अखत्यारीत नाही’ हे उत्तर द्यायला कारकुनाला अवघड जाते. तरीही शंका असेल तर एकच निवेदन ज्या खात्यांचा संबंध संभवतो त्या सर्वांना द्या आणि खाली ‘प्रत’ म्हणून सगळ्यांची नावे लिहा. मग प्रत्येकाला ठाऊक असते की दुसऱ्याकडेही कागद आहे.

मग झाडे मोजा. यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. शिंप्याचा टेप, वही, मोबाइल आणि रविवारची सकाळ पुरते. खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर घ्यायचा. वन खाते तिथेच घेते, म्हणून तुमचे आकडे आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, घेर, जवळची खूण (घर क्रमांक, विजेचा खांब) आणि स्थान नोंदवलेला फोटो. खोडावर रंगाने आकडा असेल तर तोही टिपा, कारण तो बहुधा तोडीच्या यादीतला असतो. खोडाला खिळे मारू नका. या यादीत घरटी, सावलीत बसणारे फळवाले, बसची वाट पाहण्याची जागा यांचीही नोंद घ्या. अधिकारी आकडे वाचतात, पण त्या सावलीचा उपयोग कोणाला होतो हे कागदावर नसेल तर ‘रोपे दुसरीकडे लावू’ या उत्तरावर बोलायला तुमच्याकडे काही उरत नाही.

मागणी एक, मुद्दे मोजके

‘परिसराचा सर्वांगीण विकास व पर्यावरण संरक्षण व्हावे’ अशा विषयाचे निवेदन कोणीही नाकारत नाही आणि कोणीही त्यावर काम करत नाही. विषयाच्या ओळीतच कृती हवी. उदाहरणार्थ: ‘जवाहर चौकातील अमुक खसरा क्रमांकावरील 64 झाडांच्या तोडीस परवानगी दिली असल्यास तिची प्रत मिळणे, आणि आमच्या हरकतीवर लेखी निर्णय होईपर्यंत तोड थांबवणे.’ त्याखाली पाच-सहा परिच्छेदांपेक्षा जास्त नको. आधी वस्तुस्थिती सांगा, मग कायद्याचा आधार द्या, मग पर्याय मांडा, मग उत्तराची मुदत मागा. जोडपत्रात झाडांची यादी, नकाशा आणि फोटो.

कायद्याचे नाव अचूक लिहा. मध्य प्रदेशातील शहरांसाठी ‘मध्यप्रदेश वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम, 2001’ आहे आणि त्याखाली वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. निवेदन त्याच्या पदनामाने द्या. महाराष्ट्रात 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षण व जतनाचा अधिनियम आहे, 2021 मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. तिथे तोडीची नोटीस झाडावरही लावली जाते आणि हरकतींना मुदत असते. ती नोटीस पाऊस-वाऱ्याने फाटण्याआधी तिचा फोटो काढणे हे वस्तीतल्या कोणाचे तरी ठरलेले काम असू द्या. विषय गटाराच्या पाण्याचा असेल तर ते पाणी शेवटी कोणत्या तलावात जाते ते शोधा. भोज आर्द्रभूमी, म्हणजे भोपाळचा मोठा आणि छोटा तलाव, 2002 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या आर्द्रभूमींच्या रामसर यादीत आहे. त्यात मिळणाऱ्या नाल्याची तक्रार मग केवळ दुर्गंधीची राहत नाही. लाउडस्पीकरचा प्रश्न असेल तर 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू होतात: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रात्री 10 ते सकाळी 6 खुल्या जागेत बंदी, अपवाद फक्त सरकारने ठरवून दिलेले मोजके दिवस.

पर्यायाचा परिच्छेद सर्वांत जास्त विचार करून लिहा. निवेदन शेजारच्या वस्तीवर उलटणार की नाही, ते इथे ठरते. ‘प्रकल्प दुसरीकडे न्या’ असे कधीही लिहू नका. त्याऐवजी लिहा: प्रस्तावित बांधकामाचा नकाशा झाडांच्या नकाशावर ठेवून पाहावा, रिकाम्या आणि आधीच पाडलेल्या भूखंडांवर प्रथम बांधावे, जी झाडे वाचवणे शक्य आहे त्यांची यादी वेगळी जाहीर करावी, आणि शहरात कुठेही हा प्रकल्प नेला तर तिथल्या रहिवाशांची सुनावणी तोडीच्या आधी व्हावी. ही शेवटची ओळ तुमच्यासाठी नाही. ज्यांना अजून काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती आहे, आणि 2016 मध्ये टी.टी. नगरला तिचीच गरज होती.

आणखी एका बाजूचा विचार करा. जुन्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या कुटुंबांना गळके छत आणि तुंबणारी मोरी सोसावी लागते, त्यांना नवे घर हवे असते. झाडांच्या बाजूचे निवेदन या लोकांच्या विरोधात वाचले गेले तर वस्ती फुटते, आणि फुटलेल्या वस्तीचे निवेदन कोणीही बाजूला ठेवू शकतो. त्यांना आधी भेटा. ‘घर हवे आणि झाडही हवे’ असे दोघांच्या सह्यांनी लिहून दिलेले पान फार वजनदार असते.

सह्या

सह्या किती, यापेक्षा त्या कशा घेतल्या याला महत्त्व आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पूर्ण मागणी छापा. नुसत्या कोऱ्या पानावरच्या सह्या कशालाही जोडता येतात, आणि त्यामुळे त्यांच्यावर शंका घेता येते. नाव, घर क्रमांक, सही, तारीख, पान क्रमांक. फोन नंबर फक्त तुमच्या प्रतीत ठेवा, कार्यालयात देऊ नका, कारण निवेदनाची प्रत माहितीच्या अधिकारात कोणाच्याही हाती जाऊ शकते.

टी.टी. नगरसारख्या वस्तीत एक अडचण हमखास येते. इथे राहणारे पुष्कळजण सरकारी नोकर आहेत, आणि सेवा आचरण नियमांमुळे सरकारी निर्णयाविरुद्ध सही करायला ते कचरतात. त्यांच्यावर दबाव आणू नका, त्यांना भित्रे म्हणू नका. त्यांच्या घरातल्या इतर सज्ञान माणसांची सही घ्या. निवृत्त मंडळींना पुढे करा; कार्यालयीन टिपणीची भाषा त्यांच्याइतकी कोणाला येत नाही, आणि कोणते कागद कोणत्या शाखेत अडकतात हे त्यांना न विचारता कळते. 1956 नंतर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून इथे आलेल्या मराठी कुटुंबांत अशी माणसे आजही आहेत. चौकातले दुकानदार, रिक्षावाले, भाजीवाल्या यांच्या सह्या वेगळ्या पानावर घ्या, म्हणजे वस्तीबाहेरचाही उपयोग दिसतो.

ऑनलाइन सह्यांची मोहीम बातमी होण्यापुरती उपयोगी आहे. पण कार्यालयाला उत्तर द्यायला भाग पाडणारी गोष्ट म्हणजे आवक शाखेचा शिक्का आणि क्रमांक असलेली तुमची प्रत. ती न घेता परत येऊ नका. शिक्का देत नसतील तर तेच निवेदन स्पीड पोस्टाने पाठवा.

भाषेबद्दल थोडेसे. भोपाळमध्ये निवेदन, ज्याला इथे ‘ज्ञापन’ म्हणतात, ते हिंदीत द्या. कारकुनाला भाषांतर करावे लागले तर कागद मागे पडतो. महाराष्ट्रात मराठीतच द्या आणि उत्तरही मराठीतच मागा.

दारे कोणत्या क्रमाने ठोठवायची

भोपाळमध्ये 85 प्रभाग आहेत. आधी प्रभागाचा नगरसेवक आणि झोन कार्यालय, मग महापालिका आयुक्त. मध्य प्रदेशात दर मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनावणी असते, तिथे समोरासमोर निवेदन देता येते. गर्दी मोठी असते म्हणून मागणी अर्ध्या मिनिटात सांगता येईल अशी पाठ करून जा आणि बोलणारा एकच ठेवा. सीएम हेल्पलाइनचा 181 क्रमांक छोट्या, ठरावीक कामांसाठी चांगला आहे: तुटलेले चेंबर, न उचललेला कचरा, जाळला जाणारा पालापाचोळा. तक्रार खालच्या स्तरावरून वर वर जाते, पण तुम्ही फोनवर ‘समाधान झाले’ म्हटलेत की ती बंद होते. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो शब्द उच्चारू नका, समोरचा कितीही अजीजीने विनवत असला तरी.

निवेदन दिल्याच्या आठवड्यातच माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत असलेला हा 2005 चा कायदा निवेदनाला पाय देतो. मत विचारू नका, कागद मागा: तोडीची परवानगी, तिच्यासाठी आलेला मूळ अर्ज, स्थळपाहणीचा अहवाल, जमा केलेली रक्कम, भरपाईची रोपे कुठे लावली त्या जागेची यादी आणि त्यांतली जगलेली किती याची नोंद. शिवाय ‘संबंधित नस्तीचे अवलोकन करू द्यावे’ असेही लिहा. नस्ती, म्हणजे फाइल, समोर ठेवून वाचताना अर्जात न मागितलेले बरेच काही दिसते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य क्षेत्राचे पीठ भोपाळमध्येच आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड त्याच्याकडे येतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचे पीठ आहे. नुकसानभरपाईची मागणी नसेल तर अर्जाचे शुल्क हजार रुपये आहे, आणि वकील न देता स्वतः उभे राहता येते. पण मुदत कडक आहे: वाद पहिल्यांदा उद्भवला त्या दिवसापासून सहा महिने, आणि सबळ कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त साठ दिवस. पुष्कळ चांगली प्रकरणे ‘उत्तर येईल’ या आशेवर थांबल्याने मुदतीबाहेर गेली आहेत. म्हणून निवेदनाच्या फायलीच्या पहिल्याच पानावर ही शेवटची तारीख लिहून ठेवा.

इथे एक बारकावा आहे. न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत सात केंद्रीय कायदे आहेत: पाणी, हवा, पर्यावरण संरक्षण, वनसंवर्धन, जैवविविधता वगैरे. राज्याचा वृक्ष कायदा त्यात नाही. फक्त झाड तोडण्याच्या परवानगीतल्या चुकीवर बोट ठेवायचे असेल तर उच्च न्यायालयाचा रस्ता, भोपाळकरांसाठी जबलपूरचा, जास्त सरळ आहे. तलाव, नाला, कचरा, धूर हे विषय न्यायाधिकरणाचे. कलियासोत नदीच्या दोन्ही काठांवर 33 मीटरचा हरित पट्टा राखण्याचा 2014 चा आदेश याच भोपाळच्या पिठाने नागरिकांच्या अर्जावरून दिला होता.

उशिराची किंमत काय असते ते मुंबईने पाहिले आहे. 4 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीतील झाडांबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, ते पत्रच याचिका मानले गेले, 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोपर्यंत 2,141 झाडे गेली होती. यातून दोन कामे शिकायची. निकाल विरोधात गेला तर वर जाण्यासाठी काही दिवसांची स्थगिती त्याच न्यायालयात त्याच क्षणी मागायची, आणि पुढचा अर्ज आधीच तयार ठेवायचा.

मंत्र्यांनी, महापौरांनी किंवा आयुक्तांनी ‘प्रस्ताव रद्द’ असे जाहीर केले की आनंद जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी त्या घोषणेचा लेखी आदेश मागणारे निवेदन द्या. आदेशात कोणता प्रस्ताव, कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या तारखेपासून रद्द झाला आणि पर्यायी जागा निवडताना कोणती पद्धत पाळणार, हे यायला हवे. जाहीर शब्द पुढच्या सरकारला, पुढच्या आयुक्ताला बांधत नाही. भरपाईची रोपे लावली असतील तर पहिल्या पावसाळ्यात मोजू नका, तेव्हा सगळे हिरवेच असते. दर उन्हाळ्यात, मेच्या अखेरीस मोजा आणि तो आकडा त्याच निवेदनाचा संदर्भ देऊन कळवा.

हे सारे वर्षानुवर्षे चालते, हे आधीच मान्य करून बसावे. युनियन कार्बाइडच्या आवारातला विषारी कचरा हटवण्यासाठी 2004 मध्ये जबलपूर उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली आणि जानेवारी 2025 च्या सुरुवातीला 337 टन कचरा भोपाळमधून पिथमपूरला हलला. पिथमपूरच्या लोकांनी लगेच विरोध केला, तोही समजण्यासारखाच होता. वीस वर्षे ते प्रकरण जिवंत राहिले कारण कागद कोणाच्या तरी हाती नीट होते.

सरकारी वस्तीत बदल्या होतात, भाडेकरू जातात, निवृत्त माणसे मुलांकडे पुण्याला किंवा बंगळूरला राहायला जातात. म्हणून फाइल एका माणसाच्या कपाटात ठेवू नका. मूळ कागद एका घरी, पूर्ण छायाप्रत दुसऱ्या घरी, आणि स्कॅन केलेली प्रत तिघांच्या मोबाइलवर. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता: निवेदन कधी दिले, आवक क्रमांक काय, उत्तर कधी आले, माहितीच्या अधिकारातल्या पहिल्या अपिलाची मुदत कधी संपते, न्यायाधिकरणाची कधी. वस्ती सोडून जाणाऱ्याने चावी देतानाच ही फाइल पुढच्याला समजावून द्यावी, आणि घेणाऱ्याने त्या तक्त्याखाली आपले नाव व तारीख लिहावी.